स्वरूपची बाजू

४ मे २०२५

चि. स्वरूप,

अकरा वर्षांनी ताईंचं पत्र आलंय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. आहे काम. दोन आहेत.

पहिलं. येत्या एक जूनला आपल्या अहिंसा शिक्षण केंद्राला पंचवीस वर्षं पूर्ण होतात. कातळाच्या उघड्या सड्यावर पत्र्याची शेड, एक विहीर आणि माझा घसा, एवढ्यावर सुरू झालेली ही जागा. आज दोनशे माणसं बसतील असा हॉल आहे. आसपासच्या वाड्यांतले तंटे लोक आधी आपल्याकडे आणतात, आणि इथे जमलं नाही तरच कोर्टात नेतात. गणपतीला मुंबईहून आलेले भाऊ फणसाच्या एका झाडावरून एकमेकांच्या अंगावर धावतात आणि दोन दिवसांनी आपल्या सतरंजीवर शेजारी शेजारी बसून पन्हं पितात. यातलं बरंचसं तुझ्या डोळ्यांदेखत झालं, काही तुझ्या हातून झालं. तू समारंभाला यावंस.

दुसरं. संगमेश्वराकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र माझ्या टेबलावर आहे. तू तिथे शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला आहेस. ते विचारतात, ‘श्री. नागवेकर आपल्या केंद्रात तीन वर्षं होते. मुलांशी त्यांचं वागणं कसं होतं? पंचवीस मेपर्यंत कळवावं.’

म्हणजे तुला अजून शिकवायचं आहे. मला वाटलं होतं, जयगडला बंदराच्या गेटवर ट्रकांचे पास तपासण्यात तू रमलास. तुझी खबर हौसा देत असते. अजून आपल्या स्वयंपाकघरात तीच आहे, आणि अजून मला ‘बाय’ म्हणते.

काय लिहू मी त्यांना? शिबिरातल्या नऊ वर्षांच्या मुलीवर तू हात उचललास. संस्कृतीचा ओठ फुटला होता, गालावर वळ होता. मी तिला जवळ घेऊन विचारलं, “कोणी मारलं तुला?” ती म्हणाली, “सरांनी.” मी तुला पोलिसांत दिलं नाही, घालवलं नाही. आपल्या रीतीने गेले. ती रीत तू विसरला असशील तर आठवण करून देते. आरोप करणाऱ्याने आधी समोरच्याची बाजू मांडायची. समोरचा ‘होय, हीच माझी बाजू’ म्हणेपर्यंत मांडायची. आणि तो होय म्हणत नसेल, तर उपास आरोप करणाऱ्याने धरायचा, त्याने नाही.

मी तुझी बाजू मांडली, स्वरूप. चाळीस मिनिटं. बोटीवर गेलेला बाप, वर्षातून दोन महिने घरी, ते दोन महिनेही पट्टा हातात घेऊन. मार खात वाढलेला पोरगा. भर मे महिन्यात तीस मुलं, झोप नाही, आणि एका क्षणी बापाचा हात त्याच्या खांद्यातून उगवतो. हॉलमध्ये डोळे पुसत नव्हतं असं कोणी नव्हतं. इतकी वर्षं व्यासपीठावर काढली, पण दुसऱ्याची बाजू त्याहून चांगली मी कधी मांडली नाही. आणि तू उठून काय म्हणालास? “ताई, छान आहे. पण हे माझं नाही.”

मी उपासाला बसले. माझ्यामागे सगळं केंद्र बसलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाड्यावाड्यांतून माणसं नुसती बघायला आली. तेवढ्यात शेजारचा बाबू मयेकर आपल्या आवाराचा दगडी गडगा कोणी पाडला म्हणून कमरेवर हात ठेवून भांडायला आला, आठवतं? मी ओठांवर बोट ठेवलं, आणि बाबूसारखा बाबू गप्प बसून सतरंजीच्या कडेला टेकला. त्याच संध्याकाळी मी संस्कृतीच्या आईला पोफळीहून बोलावून मुलीला घरी पाठवलं. तिला या सगळ्याचा त्रास नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू म्हणालास, “होय.” एकच शब्द. केंद्राच्या वहीत आहे. मग तू आपणहून निघून गेलास.

म्हणून सांगते, ये. व्यासपीठावर दोन मिनिटं बोल, या जागेने तुला काय दिलं ते सांग. माणूस बदलतो हे लोकांना तुझ्या तोंडून ऐकू दे. मुख्याध्यापकांना मी असं पत्र लिहीन की ते तुला न्यायला गाडी पाठवतील.

आशीर्वाद,
गंगाताई


१९ मे २०२५

चि. स्वरूप,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. पोस्टकार्ड! पोस्टमनने वाचलं, हौसाने नातीकडून वाचून घेतलं, मग माझ्याकडे आलं.

‘ताई, मी तुमच्याकडे शिफारस मागितलेली नाही. त्यांनी विचारलंय. खरं ते लिहा. एक तारखेला ड्यूटी आहे. हौसाआतेची साखर तपासून घ्या.’

एवढंच. अकरा वर्षांनंतर पाच वाक्यं, त्यातलं एक हौसाचं. पहिल्यांदा वाचून मी संतापले. ‘खरं ते लिहा’ हे मला सांगतोस? मी आयुष्यभर दुसरं काय केलं? दारूच्या गुत्त्यांसमोर उभी राहून खरं बोलले. कलेक्टर कचेरीच्या पायरीवर बोलले. माझ्या जातीतल्या लोकांच्या तोंडावर, त्यांच्याच लग्नाच्या मांडवात बोलले आणि उपाशी परत आले. मी अकराशे पुस्तकं वाचली आणि त्यातली निम्मी तुला वाचायला लावली. ‘खरं ते लिहा’!

दुसऱ्यांदा वाचल्यावर मात्र बसले. कारण मधल्या काळात काहीतरी झालं आहे, आणि ते तुला सांगायलाच हवं.

संस्कृती आली होती. समारंभाला मदत करायला म्हणून. वीस वर्षांची झाली, चिपळूणच्या कॉलेजात शिकते. स्वयंपाकघरात हौसाच्या शेजारी बसून नारळ खवत होती. मी सहज म्हटलं, “बाई गं, तुझ्या ओठावरची खूण अजून आहे.” तर ती खवणीवरून मान वर न करता म्हणाली, “मी गडग्यावरून पडले होते.”

काजूचे बोंडू काढायला ती बाबू मयेकरच्या गडग्यावर चढली होती. बाबूचं आणि आपलं गडग्यावरचं भांडण त्याच महिन्यात मिटलं होतं. केंद्राचं कोणी पोर गडग्याला हात लावणार नाही असा शब्द मी सर्व मुलांना उभं करून द्यायला लावला होता. संस्कृतीने तो मोडला. दगड ढासळले, ती तोंडावर आपटली. शब्द मोडला हे सांगायची तिला भीती वाटली. तिला धडपडत उठताना तू पाहिलंस आणि विहिरीवर नेऊन तिचं तोंड धुतलंस. म्हणून मी ‘कोणी मारलं’ म्हटल्यावर तिच्या तोंडात सर आले. मी ‘काय झालं’ असं विचारलं नव्हतं. ‘कोणी मारलं’ असं विचारलं होतं.

आणि तू? तिला विहिरीवर नेलं एवढं सांगितलंस. ती पडली कुठून, हे सांगितलं नाहीस. शब्द मोडल्याबद्दल तीस मुलांसमोर तिला उभं करतील, म्हणून. हे आता मला संस्कृतीनेच सांगितलं. “सरांनी मला सांगितलं होतं, तुला वाटेल तेव्हा तूच सांग. मी नाय सांगणार.”

मला लाज वाटते आहे. हे मी लिहून देते.

आणि फक्त लिहून नाही. एक जूनला, त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर मी हे बोलणार आहे. पंचवीस वर्षांचं भाषण तयार होतं, ते फाडलं. मुख्याध्यापकांना त्यानंतर लिहीन. आधी ज्यांच्यासमोर तुझी मान खाली गेली त्यांच्यासमोर ती वर झाली पाहिजे. नुसत्या कागदाने काय होतं? आठवडाभराने काही बिघडत नाही. शाळा म्हटल्यावर थोडं थांबतातच.

ड्यूटी बदलून घेता आली तर बघ.

गंगाताई


२ जून २०२५

प्रिय स्वरूप,

तू यायला हवं होतंस. काल हॉल भरला होता, खिडक्यांत माणसं होती. मी एक तास बोलले. अहिंसा म्हणजे हात न उचलणं नव्हे, इथपासून सुरुवात केली. उपासानेही माणसाला बुकलता येतं, आणि ते मी केलं, असं म्हणाले तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं सरसावून बसली. “अकरा वर्षांनी सत्य नारळ खवत माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलं,” या वाक्याला एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. मग दुसरे. मग सगळे. आपल्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजवल्या. मी थांबवलं नाही.

रत्नागिरीच्या दोन पेपरांत आज आलं आहे. एकाने मथळा दिला आहे, ‘चूक कबूल करण्याचं धैर्य’. माझा फोटो आहे. कोल्हापूरहून, नाशिकहून फोन आले. हेच भाषण तिकडे द्या म्हणतात. जुलैत तारखा मागतात.

तुझी मान वर झाली, स्वरूप. कात्रण सोबत ठेवते आहे. मुख्याध्यापकांना उद्या लिहिते.

गंगाताई


३ जून २०२५

स्वरूप,

काल तुझं पत्र टाकून आले आणि स्वयंपाकघरात चहा मागितला. हौसाने कप पुढे ठेवला, पण आपण बसली नाही. एरवी बसते.

“बाय, तुमी काल बरा बोललात,” ती म्हणाली. “समद्यांच्या डोल्याला पानी आनलात.”

“मग अशी का उभी?”

“त्या पोराचा नाव एकदापन नाय घेतलात.”

मी म्हटलं, मी मुद्दामच घेतलं नाही, त्याची चर्चा नको म्हणून. ‘माझा एक तरुण सहकारी’ असं म्हटलं.

“त्येवा त्येचा नाव घेतलात ना? तीन दिवस घेतलात. रात न् दिवस घेतलात. त्येवा नाय वाटला चर्चा नको?” मग पदराने कपाळ पुसून म्हणाली, “आता लोक इचारतात, गंगाताईंचा भाषन ऐकलास काय. स्वरूपचा काय झाला ता कोन नाय इचारत.”

मी पेपर काढले. दोन्ही वाचले. तुझं नाव नाही. भाषणाचे कागद काढले, बारा पानं. त्यातही नाही. बारा पानांत ‘मी’ किती वेळा आला ते मोजायला लागले आणि तिसऱ्या पानावर सोडून दिलं.

याहून वाईट सांगायचं आहे. ते मी मे महिन्यातल्या पत्रात लिहिलं नाही, आणि परवा हॉलमध्येही बोलले नाही.

परवा समारंभ संपून माणसं पायात चपला घालत होती तेव्हा संस्कृती माझ्याजवळ आली. भाषणभर ती मागच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, “ताई, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना? दुसऱ्या दिवशी? पडवीत? का मला नुसतं तसं वाटतंय?” तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. अकरा वर्षं त्या पोरीला वाटत आलं आहे की आपल्याला स्वप्न पडलं असेल.

तिला स्वप्न पडलं नव्हतं. उपासाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडवीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सरांनी मारलं नाय, मी गडग्यावरून पडले.” बाबू मयेकर नुकताच ओरडत आला होता. त्याचे ढासळलेले दगड, तिचा फुटलेला ओठ. दोन्ही मी एका नजरेत जोडले. मला वेळ लागला नाही. मला कधीच वेळ लागत नाही.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला एक कोकमाची वडी दिली आणि म्हटलं, “आता हे कोणाला सांगू नकोस हं. मी बघते.” आणि तिच्या आईला फोन केला.

का? तू हे विचारशील. मी स्वतःला हजार वेळा विचारून झालं आहे आणि दरवेळी उत्तर मिळालं ते चांगल्या मराठीत मिळालं. तेव्हा म्हटलं, हॉलमध्ये काहीतरी घडतंय. सात वर्षं न बोललेले दोन चुलत भाऊ एकाच भिंतीला टेकून उपाशी बसलेत. बाबू मयेकर गप्प बसलाय. एका मुलीच्या पडण्यासाठी हे मोडायचं? उद्या मोडू. उद्या नक्की. आणि तिसऱ्या दिवशी हौसा चुलीपाशी कोसळली. साखरेची बाई, दोन दिवस नुसत्या पाण्यावर. मी सांगितलं नव्हतं, पण मी तिला बघत होते. तू तिचं डोकं मांडीवर घेतलंस आणि माझ्याकडे बघून ‘होय’ म्हणालास.

तू ते होय मला म्हणाला नव्हतास. हौसाने दोन घास खावेत म्हणून म्हणालास. मला तेव्हाही ते कळलं होतं. तरी मी लिंबूसरबताचा पेला हातात घेतला, लोकांकडे बघितलं आणि हळूहळू प्यायले.

खरं कारण एवढंच आहे. चाळीस मिनिटांचं ते भाषण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं, आणि तू मारलं नव्हतंस तर ते खोटं ठरत होतं. तुझा बाप, त्याचा पट्टा, खांद्यातून उगवलेला हात. तुझे वडील तुला कधी मारत होते का, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी ते रचलं. तू तीन वर्षं माझ्याकडे होतास आणि मी तुला तुझ्या बापाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

मुख्याध्यापकांना आज पत्र टाकलं. सहा ओळी. नाव आहे.

गंगा सुर्वे


२४ जून २०२५

श्री. स्वरूप नागवेकर यांस,

मुख्याध्यापकांचं उत्तर आलं. सभ्य माणूस आहे. लिहितात, ‘आपलं पत्र सहा जूनला मिळालं. आमच्या समितीची बैठक एकतीस मेला झाली. आपल्याकडून काही न कळल्याने आम्ही दुसऱ्या उमेदवाराला घेतलं. शाळा सोळा तारखेला सुरू झाली. श्री. नागवेकरांनी घेतलेला नमुना तास आम्हाला फार आवडला होता, हे त्यांना जरूर सांगावं.’

ते सांगण्यासाठी हे पत्र.

तुम्हाला वर्ग मिळाला असता. मी वीस मेला सहा ओळी टाकल्या असत्या तर मिळाला असता. मला आधी हॉल हवा होता. पहिल्या वेळीही मला हॉलच हवा होता. अकरा वर्षांच्या अंतराने मी तुमची नोकरी दोनदा घेतली, दोन्ही वेळा तुमची बाजू मांडता मांडता.

जुलैच्या तारखा मी रद्द केल्या. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. हौसाने फोन उचलून ‘बाय नाय येत’ असं सांगून टाकलं आणि मी तिला अडवलं नाही, इतकंच. गेल्या शनिवारच्या सभेत मी बसून बोलले. केंद्राच्या वहीत तुमच्या ‘होय’च्या खाली जे लिहिलं ते वाचून दाखवलं. दहा-बारा माणसं होती, बाबू मयेकर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजे माझा गडगा त्या पोरीनी पाडला? आणि मी इतकी वर्सं माझ्या भावावर संशय घेतलाय!” आणि उठून भावाकडे गेला. त्याला माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. इतक्या वर्षांत या केंद्रातून इतक्या घाईने भांडण मिटवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. संस्कृती नव्हती. मी तिला वेगळं पत्र लिहिलं आहे: तुला स्वप्न पडलं नव्हतं.

वहीत लिहिलं ते असं. हे मी तुमची बाजू म्हणून लिहिते आहे. यात माझं एकही विशेषण नाही. असलं तर खोडा.

‘स्वरूप नागवेकर यांनी संस्कृतीला मारलं नाही. ती गडग्यावरून पडली. त्यांनी तिचं तोंड धुतलं आणि तिची गोष्ट तिची तिला सांगू देण्यासाठी ते गप्प राहिले. गंगा सुर्वे यांना दुसऱ्या दिवशी खरं कळलं आणि त्यांनी ते लपवलं. स्वरूप यांनी तिसऱ्या दिवशी होय म्हटलं, कारण हौसा उपाशी होती.’

आपल्या रीतीप्रमाणे आता तुम्ही होय किंवा नाही म्हणायचं. एक कोरं पोस्टकार्ड सोबत ठेवलं आहे. ते पाठवलंच पाहिजे असं नाही. उशिरा पाठवलं तरी चालेल, कधीच नाही पाठवलं तरी चालेल. वहीतली ओळ त्यावाचून राहील.

हौसाची साखर तपासली. एकशे चाळीस. तिने सांगितलं आहे, स्वरूपला कळव.

आणि तुम्हाला वाटेल म्हणून सांगते. उत्तराची वाट बघत मी दोन्ही वेळ जेवते आहे.

गंगा सुर्वे